व्हेपमध्ये धूर नाही, मग छातीत धडधड का होते?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, राहायला गंगापूर रोडला. अलीकडे ओळखीतले पालक, क्लासला जाणारी मुलं, जिममधले तरुण सगळे मला एकच प्रश्न विचारतात. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, धूर नाही, डांबर नाही. मग छातीत धडधड का होते, हात का थरथरतात, रात्री झोप का लागत नाही? प्रश्न रास्त आहे. 'व्हेप वाईट असतं' एवढंच उत्तर दिलं की मुलं ऐकायचं सोडून देतात. म्हणून शरीरात काय घडतं ते नीट लिहिते. लांबेल, पण वाचा.

आधी हातातल्या वस्तूविषयी, म्हणजे व्हेप किंवा ई-सिगारेटविषयी. एक बॅटरी, एक तापणारी कॉइल आणि लिक्विड. लिक्विडमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि निकोटीन. तोंडातून बाहेर पडतं ते पाण्याची वाफ नव्हे, या सगळ्याच्या अतिसूक्ष्म थेंबांचे तुषार असतात. तापवताना त्यात फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन अशी रसायनं तयार होतात, कॉइलमधून निकेल-क्रोमियमसारखे धातूही उतरतात. ॲक्रोलिन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतं. पण आज मला निकोटीनबद्दलच बोलायचं आहे, कारण धडधडीचं मूळ तिथे आहे आणि लोकांचं लक्ष मात्र धुरावरच अडकलेलं आहे.

सुरुवातीच्या व्हेपमधलं निकोटीन अल्कधर्मी असायचं. जास्त घेतलं की घसा खवखवायचा, ठसका लागायचा, माणूस आपोआप थांबायचा. २०१५ मध्ये अमेरिकेत जूल नावाचं व्हेप बाजारात आलं. त्यात निकोटीनला बेन्झॉइक आम्लाची जोड देऊन क्षार बनवलेला होता. यालाच पोरं 'निक सॉल्ट' म्हणतात. हा क्षार घशाला टोचत नाही. घसा द्यायचा तो इशारा बंद झाला आणि निकोटीनचं प्रमाण कितीतरी वाढवता आलं. पाकिटावर '५%' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ दर मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम. युरोपीय संघात कायद्याने ही मर्यादा २० आहे. एक सिगारेट ओढली की शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन पोचतं. १० मिलिलिटरच्या, ५ टक्क्यांच्या व्हेपमध्ये ५०० मिलिग्रॅम भरलेलं असतं. ते सगळं काही रक्तात जात नाही. पण सिगारेट संपते, विझवून फेकावी लागते. व्हेप दिवसभर खिशात असतं. बाथरूममध्ये, पांघरुणात, क्लासच्या जिन्यात कुठेही एक पफ मारता येतो, त्यामुळे दिवसाला किती झाले हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता शरीरात. फुफ्फुसातून निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. आपल्या नसा एकमेकींना निरोप देताना ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन वापरतात. ते ज्या रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर बसतं, त्यांतल्या एका जातीचं कुलूप निकोटीनच्या किल्लीनेही उघडतं. ही कुलपं मेंदूत आहेत, हृदय-आतडी-रक्तवाहिन्या आपोआप चालवणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या जोडठिकाणी आहेत, आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातही आहेत. निकोटीन आलं की या ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटतं आणि हृदयाकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक (शरीराला चेतवणाऱ्या) नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन. संकट समोर आल्यावर शरीर जी तयारी करतं ती सगळी तयारी होते, समोर संकट नसताना. नाडी मिनिटाला १०-१५ ठोक्यांनी वाढू शकते, वरचं बीपी ५ ते १० अंकांनी चढतं, हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार पडतात. हृदयाचं काम वाढल्यामुळे त्याला प्राणवायू जास्त लागतो, पण हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्याही निकोटीनने आखडतात. विशीतलं धडधाकट हृदय हे पेलतं. जन्मजात दोष असलेलं, ठोक्याच्या लयीत आधीच गडबड असलेलं, किंवा कोणी कधी बीपी मोजलंच नाही अशा माणसाचं हृदय पेलेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निरोगी माणसात दोन ठोक्यांमधलं अंतर श्वासागणिक थोडं कमीजास्त होतं. ते काम व्हेगस नसेचं, म्हणजे शांत करणाऱ्या बाजूचं. २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी नेहमी व्हेप करणाऱ्या लोकांत हे अंतर मोजलं. त्यांच्यात हा कमीजास्तपणा घटलेला आणि कल ॲड्रेनलिनच्या बाजूला झुकलेला आढळला, तोही त्या वेळी व्हेप न ओढता शांत पडलेले असताना. त्याच गटाने निकोटीन असलेलं आणि नसलेलं व्हेप देऊनही तुलना केली. परिणाम निकोटीनवाल्यात दिसला. म्हणजे धूर काढून टाकला तरी हे उरतंच.

मेंदूचं थोडक्यात सांगते. निकोटीनमुळे डोपामिन सुटतं, बरं वाटतं. सतत मारा झाला की रिसेप्टर बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग ती वाढलेली रिकामी कुलपं कुरकुरायला लागतात: चिडचिड, अस्वस्थपणा, पुस्तकात लक्ष न लागणं. पफ मारला की ते थांबतं आणि मुलाला वाटतं, व्हेपमुळे टेन्शन गेलं. ते टेन्शन दोन तासांपूर्वीच्या पफनेच आणलेलं असतं. निर्णय घेणारा, स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या वयात ही सवय लागली तर ती जास्त खोल रुजते.

प्रश्न मोकळेपणाने विचारा. इथे ओढणारेही असतील, त्यांचं स्वागत आहे.

---

सातपूरची_आई

ताई, मनापासून धन्यवाद. माझा मुलगा बारावीला आहे, नीटची तयारी करतो. त्याच्या घड्याळात बसल्या जागी नाडी १०५, ११० दाखवते. दोन ठिकाणी दाखवलं. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. अभ्यासाचा ताण आहे म्हणाले. मागच्या आठवड्यात त्याच्या बॅगेत पेन ड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं, त्याला कलिंगडाचा वास येतो. मी अजून त्याला काही बोललेले नाही. त्याच्या बाबांना कळलं तर घरात रणकंदन होईल. मी काय करू? आणि ईसीजी नॉर्मल आहे म्हणजे हृदय ठीक आहे ना?

गोदातीर

ताई, आधी ईसीजीचं. साधा ईसीजी हृदयाचे फक्त काही सेकंद टिपतो. तो नॉर्मल आला ही चांगलीच गोष्ट आहे, हृदयाच्या वायरिंगमध्ये ठळक दोष नाही एवढं त्यावरून कळतं. पण निकोटीनने येणारी धडधड त्या काही सेकंदांत सापडेलच असं नाही, आणि सापडली तरी कागदावर फक्त 'वेग जास्त' एवढंच दिसतं. कारण दिसत नाही. डॉक्टरांना निकोटीनविषयी माहीत नसेल तर ते ताणाकडेच बोट दाखवणार. पुढच्या वेळी त्यांना हे आवर्जून सांगा. गरज वाटली तर ते २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र लावतील.

मुलाशी बोलताना वस्तू टेबलावर आपटून सुरुवात करू नका. दोन प्रश्न शांतपणे विचारा: यावर किती टक्के लिहिलंय? आणि सकाळी उठल्यावर पहिला पफ किती वेळात लागतो? दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन बऱ्यापैकी बसलेलं आहे असं समजा, पाच मिनिटांत लागत असेल तर नक्कीच. मग त्याला 'फेकून दे' म्हणणं पुरेसं नाही, त्याला मदत लागेल.

चक्कर येऊन पडला, छातीत दुखलं, ठोके चुकल्यासारखे वाटले, बसल्या जागी दम लागला, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे व्हेपचं लपवायचं नाही.

---

पेठरोड_रायडर

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. कित्येक वर्षं दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढायचो. व्हेपवर आल्यापासून सकाळचा खोकला गेला, पांडवलेण्यांच्या पायऱ्या न थांबता चढतो. इंग्लंडमध्ये तर सरकारी डॉक्टरच सिगारेट सोडायला व्हेप घ्या म्हणतात. मग आपल्याकडेच एवढी भीती का?

स्टेथो_नाशिकरोड

दादा, राग कशाचा. तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याला कारणही आहे. सिगारेट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी करतो. व्हेपमध्ये जळणं नाही, म्हणून तो जवळजवळ नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणारे लोक व्हेपवर आले तेव्हा महिन्याभरात त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावायची क्षमता सुधारली. मी हे नाकारणार नाही, माझ्या पेशंटनाही सांगतो.

पण ही तुलना सिगारेटशी आहे. ज्या पोराने आयुष्यात कधी बिडीही ओढली नाही, त्याच्यासाठी तुलना स्वच्छ हवेशी करावी लागते. इंग्लंडमधला सल्लाही सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांसाठीच आहे. शिवाय तिथे निकोटीनची मर्यादा २० मिलिग्रॅम आहे, आणि एकदा वापरून फेकायची व्हेप्स त्यांनी १ जून २०२५ पासून बंद केली. आपल्याकडे २०१९ पासून विक्रीवरच बंदी आहे, त्यामुळे जे मिळतं ते सगळं चोरवाटेने येतं. त्यात खरोखर किती निकोटीन आहे, आणखी काय आहे, हे कोणी तपासलेलं नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुफ्फुसांच्या आजाराची जी साथ आली तिच्यात २,८०७ लोक रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांपैकी मृत्यू ६८. तिथे मुख्य संशय ई-जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटवर होता, जे बहुतांशी गांजाच्या अर्काच्या, इकडूनतिकडून घेतलेल्या लिक्विडमध्ये मिसळलेलं होतं. ती घटना निकोटीनची नव्हती, पण बेनामी लिक्विड ओढण्याची नक्कीच होती.

तुम्ही सिगारेटवर परत जाऊ नका. पुढची पायरी म्हणजे व्हेपमधलं निकोटीनही हळूहळू उतरवणं. बीपी एकदा मोजून घ्या.

---

कळवणकर_७

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलंय की व्हेपमुळे हार्ट अटॅकचा धोका दुप्पट होतो, अमेरिकेच्या हार्टवाल्या संस्थेच्या मासिकात छापून आलंय. हे पोरांना दाखवायला हवं.

स्टेथो_नाशिकरोड

कृपा करून ते दाखवू नका. तो लेख जून २०१९ मध्ये छापला गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये मासिकाने मागे घेतला. त्यातल्या काही लोकांना हार्ट अटॅक व्हेप सुरू करायच्या आधीच आलेला होता, तरी ते अटॅक व्हेपच्या खात्यात धरले गेले होते. तुमचा मुलगा पाच मिनिटांत हे शोधून काढेल, आणि मग तुम्ही पुढे जे खरं सांगाल त्यावरही विश्वास ठेवणार नाही.

ठामपणे सांगता येईल असं बरंच आहे. निकोटीनवाल्या ई-सिगारेटनंतर नाडी वाढते, याला भक्कम पुरावा असल्याचं अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१८ च्या अहवालात स्पष्ट लिहिलेलं आहे. हृदयविकार प्रत्यक्ष किती वाढतो यावर मात्र त्याच अहवालाने हात राखला होता. धमन्यांचा आजार बनायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि पहिली आधुनिक ई-सिगारेट चीनमध्ये २००३ च्या सुमारास तयार झाली. आज जी पिढी निक सॉल्ट ओढतेय तिची चाळिशी अजून यायची आहे.

गोदातीर

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. नाडी, बीपी, आखडलेल्या रक्तवाहिन्या, बिघडलेली झोप, अडकलेलं मन एवढं खरं पुरेसं आहे. त्यात खोटं मिसळायची गरज नाही.

---

निफाडची_बाग

मी शेतकरी माणूस, द्राक्षं करतो. ताईंनी कुलपाचं लिहिलं ते वाचून विचारतो. आमचे आजोबा तंबाखू भिजवून, उकळून त्याचा अर्क माव्यावर, तुडतुड्यांवर फवारायचे. आता इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम येतं. कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो ही सगळी निकोटीनच्याच घराण्यातली. हे खरं का? खरं असेल तर आम्ही हातमोजे, मास्क घालून, वारा बघून फवारतो आणि पोरं तेच फुफ्फुसात घेतात?

गोदातीर

दादा, तुमचा दुकानदार बरोबर सांगतो. त्या औषधांना निओनिकोटिनॉइड म्हणतात. किड्याच्या मज्जासंस्थेतही ॲसिटिलकोलीनची तीच कुलपं असतात. औषध त्यात जाऊन बसतं, निघत नाही, नसा सतत पेटत राहतात, किडा थरथरतो, लुळा पडतो आणि मरतो. ही नवी औषधं अशी बनवली आहेत की ती किड्याच्या रिसेप्टरवर घट्ट बसतात आणि माणसाच्या रिसेप्टरवर सैल. निकोटीनचं तसं नाही, ते आपल्या रिसेप्टरवरही पक्कं बसतं. म्हणूनच निकोटीन सल्फेट हे जुनं कीटकनाशक फवारणाऱ्यालाच घातक ठरायचं आणि ते मागे पडलं.

तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना नुसत्या कातडीतून निकोटीन शोषलं जाऊन मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी होते, हा ओळखीचा आजार आहे. यावरून एक सूचना सगळ्यांनाच: लिक्विड हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल तर ती बाटली त्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणी कधीही नको. तुमच्या औषधाच्या डब्यावर विषाची खूण असते. या बाटलीवर स्ट्रॉबेरीचं चित्र असतं आणि दोन वर्षांचं मूल ती तोंडाला लावतं.

निफाडची_बाग

समजलं ताई. पिंपळगावला पोरांच्या शाळेत हे सांगतो. आमच्याकडच्या पोरांना फवारणीची भाषा पटकन कळते.

---

मैदान_१६००

मी पोलीस भरतीची तयारी करून घेतो. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर आमची पोरं असतात. दोन-तीन वर्षांपासून बघतोय, काही पोरं तब्येतीने चांगली, वजन बरोबर, पण १६०० मीटर मारल्यावर त्यांची नाडी खालीच येत नाही. बाकीची पोरं पाणी पिऊन गप्पा मारायला लागतात तरी ही गुडघ्यावर हात ठेवून उभी. चौकशी केली की निघतं, व्हेप. सिगारेट ओढली तर मला वासाने कळायचं, आता कळत नाही. त्यांना मी काय समजावू? ही आदिवासी पाड्यांवरची, गरीब घरची पोरं आहेत, भरती हा एकच रस्ता आहे त्यांच्याकडे. याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक आणलं, अशी ताकद या मातीत आहे. ती अशी वाया जाताना बघवत नाही.

गोदातीर

सर, तुमचं निरीक्षण अगदी बारीक आहे. पळणं थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी झपाट्याने उतरते ते व्हेगस नस ब्रेक लावते म्हणून. निकोटीनने कल ॲड्रेनलिनकडे गेलेला असला की हा ब्रेक उशिरा लागतो. शिवाय बसल्या जागी नाडी ७० ऐवजी ८५ असेल आणि कमाल नाडी वयानुसार ठरलेलीच असेल, तर पळायला मधली जागा कमी उरते. त्यावर श्वासनलिकांची जळजळ.

पोरांना भाषणापेक्षा एक प्रयोग द्या. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. महिनाभर व्हेप बंद ठेवायचं. धाव संपल्यानंतर एका मिनिटाने नाडी किती उतरली तेही लिहायचं. मुलांना स्वतःच्या वहीतला आकडा पटतो. आणि धावण्याआधी पफ मारायचा, वर एनर्जी ड्रिंक प्यायचं, हे प्रकार कुठे दिसले तर तिथल्या तिथे थांबवा. दोन्ही एकाच दिशेला ढकलतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते धोक्याचं आहे.

आणखी एक. निकोटीनचं शरीरात कोटिनीन होतं, ते लघवीत काही दिवस सापडतं. कोटिनीनच्या तपासणीला सिगारेट, तंबाखू आणि व्हेप यांतला फरक कळत नाही.

---

नाव_नको

मी १९ वर्षांचा आहे. हे वाचून पहिल्यांदाच लिहितोय. रूमवर मित्रांबरोबर एकदा खूप पफ झाले. आधी भारी वाटलं, मग तोंडाला पाणी सुटलं, घाम, अंग गार, हात कापायला लागले, उलटी झाली. वाटलं आता मरतो. मित्र म्हणाले, निक-सिक झालास, होतं असं. तेव्हापासून मधूनच धडधड होते, भीती वाटते. सोडायचा प्रयत्न केला तर अभ्यासच होत नाही, दोन दिवसांत परत घेतो. घरी सांगू शकत नाही. मी वेडा होतोय का?

गोदातीर

बाळा, नाही. तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

त्या रात्री तुला निकोटीनची विषबाधा झाली होती. 'होतं असं' म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नाही. थोड्या मात्रेत निकोटीन नसांना चेतवतं, फार मात्रेत त्याच नसांचं काम अडवतं. म्हणून आधी लाळ, घाम, कंप, उलटी, वेगवान नाडी. आणि मात्रा आणखी वाढली तर उलट नाडी मंदावते, बीपी पडतं, श्वासाचे स्नायू दुबळे होतात. फिट येण्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे एप्रिल २०१९ पर्यंत अशा ३५ तक्रारी होत्या, ऑगस्टमध्ये त्या १२७ झाल्या. प्रत्येक फिट व्हेपमुळेच आली हे सिद्ध झालेलं नाही, पण निकोटीनच्या विषबाधेत फिट येते हे आधीपासून माहीत आहे. पुन्हा असं कोणाचं झालं तर एकट्याला झोपू द्यायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा.

आता दोन दिवसांत परत घेतोस त्याविषयी. तू कमकुवत आहेस म्हणून हे होत नाही. निकोटीन बंद केल्यावर त्रास पहिल्या दिवसातच सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि मग दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. तू प्रत्येक वेळी नेमक्या सगळ्यात अवघड दिवशी हार मानतोस. तो दिवस ओलांडायला मदत घे. परीक्षेच्या आठवड्यात सुरुवात करू नकोस, परीक्षा झाली की लगेच कर.

स्टेथो_नाशिकरोड

मित्रा, दोन नंबर लिहून ठेव. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११२-३५६, फुकट आहे. मन फार बेचैन झालं, भीती वाटली तर टेलि-मानस १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. औषधंही आहेत. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी त्याच रिसेप्टरवर अर्धवट काम करते, त्यामुळे तलफही कमी होते आणि वरून पफ मारला तरी मजा येत नाही. १६ ते २५ वयाच्या व्हेप करणाऱ्यांवर तिचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला: समुपदेशनाबरोबर गोळी घेणाऱ्यांत १२ आठवड्यांच्या शेवटी ५१ टक्के थांबले होते, तुलनेसाठी औषध नसलेली गोळी दिलेल्यांत १४ टक्के. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. धडधडीसाठी एकदा ईसीजी आणि बीपी मात्र करून घे, तेही डॉक्टरांना खरं सांगून.

नाव_नको

डॉक्टरांना सांगितलं तर पोलिसांत जाईल का? बंदी आहे ना.

वकील_पंचवटी

नाही. २०१९ चा कायदा उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवणूक आणि जाहिरात यांवर आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्या रुग्णाने उपचार घेणं हा यातला गुन्हा नाही, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. निर्धास्त जा. मित्रांसाठी चार-पाच आणून रूमवर ठेवणं, त्यांना विकणं, हे मात्र आजच बंद कर.

---

सातपूरची_आई

ताई, काल रात्री बोलले त्याच्याशी. तुम्ही सांगितलेले दोनच प्रश्न विचारले. ५ टक्के, आणि डोळे उघडल्या उघडल्या. त्याने स्वतःहून अजून एक आणून दिलं. त्याच्या बाबांना मी हा धागा वाचायला दिला, ते बराच वेळ वाचत होते, ओरडले नाहीत. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. मैत्रीण म्हणाली निकोटीनचं च्युइंगम देतात. पण मग नाडी परत वाढणारच ना? विषावर तेच विष?

गोदातीर

ताई, फार छान केलंत.

च्युइंगममध्ये निकोटीनच असतं, पण ते गालाच्या आतून हळूहळू झिरपतं. रक्तात वर चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पातळी व्हेपपेक्षा बरीच खाली राहते. सेकंदांत मेंदूवर आदळणारा तो झटका नसल्यामुळे ॲड्रेनलिनची उसळीही लहान असते. तलफ भागते आणि मात्रा ठरवून कमी करता येते. मुलगा अठराच्या आत असेल तर हे डॉक्टरांनीच ठरवायचं. २ मिलिग्रॅमचं द्यायचं की ४ चं हेही तेच सांगतील. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तलफ येणाऱ्यांना सहसा ४ चं लागतं.

चघळायची पद्धत त्याला नीट समजावून सांगा, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. साध्या च्युइंगमसारखं सारखं चघळायचं नाही. तिखट चव, चुरचुर जाणवेपर्यंत हळू चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं. चव गेली की पुन्हा थोडं चावायचं, जागा बदलायची. असं अर्धा तास. भराभर चघळलं तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते, तलफ तशीच राहते आणि पोरगं म्हणतं गमचा उपयोग नाही. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत काही नको. आंबटपणाने गालातून शोषणं कमी होतं. सकाळचा पहिला चहा त्याने उठल्यावर लगेच घेतला असेल तर गम पंधरा मिनिटांनंतरच.